दुपारच्या विजेवर पहिला हक्क कुणाचा?

नाशिक शहरातील गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागांतील घरांच्या गच्च्यांवर गेल्या काही वर्षांत सौरपॅनेलची संख्या झपाट्याने वाढली आहे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. त्यासाठी ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठरले. एक किलोवॉटच्या संचाला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉट व त्यापुढील संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागले. मध्यमवर्गीय कुटुंबांनी साठवणीतला पैसा घालून किंवा बँकेचे कर्ज काढून हे संच बसवले आणि अनेकांचे वीजबिल नाममात्र रकमेवर आले. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे.

याच जिल्ह्यात, शहरापासून तासाभराच्या अंतरावर, चित्र निराळे दिसते. निफाड, सिन्नर, दिंडोरी तालुक्यांत ज्या कृषिवाहिन्या अद्याप सौरऊर्जेवर आलेल्या नाहीत, तिथे शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते. दिवसाची पाळी साधारण आठ तासांची आणि रात्रीची दहा तासांची असते. रात्रीच्या पाळीत कांद्याला किंवा उसाला पाणी द्यायचे, तर शेतकऱ्याला मध्यरात्री विहिरीवर जावे लागते. पायाखाली विंचूकाट्याचे भय आणि उसाच्या फडात बिबट्या, अशा स्थितीत बारे मोडण्याचे काम चालते. घरातील स्त्री कंदील वा बॅटरी धरून सोबतीला जाते, कारण एकट्याला जाऊ द्यायला तिचे मन धजत नाही.

सौरऊर्जा ग्रीडला, म्हणजे सर्वांच्या सामाईक वीजजाळ्याला जोडण्याविषयी जो वाद आज महाराष्ट्रात चालू आहे, तो बहुधा गच्चीवर पॅनेल बसवणारा ग्राहक आणि महावितरण या दोघांतील वाद म्हणून मांडला जातो. रात्री विहिरीवर उभा असलेला तिसरा माणूस या मांडणीतून निसटतो. त्याला मध्यभागी ठेवून पाहिले, तर या वादाचे स्वरूप पालटते.

ग्रीड म्हणजे बॅटरी नव्हे

वादाचे मूळ समजण्यासाठी नेट मीटरिंगची पद्धत ध्यानात घेतली पाहिजे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने सप्टेंबर २०१५ मध्ये यासंबंधीचे विनियम लागू केले आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते नव्याने केले. पद्धत सोपी आहे. दुपारी घरातील वापरापेक्षा अधिक तयार झालेली वीज मीटरमधून ग्रीडमध्ये जाते. सायंकाळी सूर्य मावळल्यावर घर तीच वीज ग्रीडमधून परत घेते. महिन्याअखेर दिलेले व घेतलेले युनिट एकमेकांत वळते होतात. जादा युनिट पुढच्या महिन्यात जातात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेल्या युनिटांचा मोबदला आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतो. महाराष्ट्रात एक किलोवॉटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देते. त्यामुळे तीन किलोवॉटच्या संचातून महिन्याला साडेतीनशे युनिटपर्यंत वीज मिळते आणि चौकोनी कुटुंबाची गरज भागते.

हिशेबाच्या वहीत दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट सारखेच असते. तारेतून वाहणाऱ्या विजेचा नियम मात्र वेगळा आहे. ग्रीडमध्ये वीज साठून राहत नाही. ज्या क्षणी जेवढी मागणी असेल, त्याच क्षणी तेवढी निर्मिती व्हावी लागते. दुपारी एक वाजता शहरातील हजारो गच्च्यांवरून वीज ग्रीडमध्ये येते, तेव्हा ती त्याच क्षणी कुणीतरी वापरावी लागते. सायंकाळी सात वाजता त्याच घरांतील दिवे, दूरचित्रवाणी संच आणि वातानुकूलन यंत्रे चालू होतात, तेव्हा ती वीज दुसऱ्याच ठिकाणाहून आणावी लागते.

नाशिककरांना ते ठिकाण चांगले ठाऊक आहे. गोदावरीकाठच्या एकलहरे येथील औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. दगडी कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने येतो. असा संच दिव्यासारखा बटण दाबून बंद-चालू करता येत नाही. दुपारी सूर्याची वीज वाढली की औष्णिक संच मंद करायचे आणि सूर्य मावळताच दोन-तीन तासांत पुन्हा चढवायचे, यात इंधन अधिक जळते आणि यंत्रांची झीज वाढते. हा खर्च सौरविजेच्या दरात दिसत नाही. तो एकूण वीजखरेदीच्या खर्चात मिसळतो आणि सर्व ग्राहकांच्या बिलात उतरतो.

दोन्ही बाजूंचे खरे

या पार्श्वभूमीवर २०२५ च्या आरंभी महावितरणने आयोगापुढे दरप्रस्ताव मांडला. सकाळी ९ ते सायंकाळी ५ या 'सौर तासांत' गच्चीवर तयार होणारी वीज त्याच तासांतील वापरापुरती वळती करावी, असा त्याचा रोख होता. गच्चीवर पॅनेल बसवणाऱ्यांत साहजिकच संताप उसळला आणि हरकतींचा पाऊस पडला. मार्च २०२५ मध्ये आयोगाचा आदेश निघाला, त्याला लगोलग स्थगिती मिळाली आणि जूनमध्ये सुधारित आदेश आला. चार महिन्यांच्या आत झालेल्या या धरसोडीमुळे सामान्य माणसाला नेमका कोणता नियम लागू आहे, हेच उमगेनासे झाले.

ग्राहकाची बाजू न्याय्य आहे. शासनाच्या आवाहनावर विश्वास ठेवून त्याने दीड-दोन लाख रुपये गुंतवले. पैसे किती वर्षांत वसूल होतील याचा हिशेब त्याने त्या वेळच्या नियमांवर मांडला. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे असते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच खेळाचे नियम बदलले, तर तो व्यवहारात फसतो आणि पुढच्या कोणत्याही शासकीय योजनेकडे संशयाने पाहू लागतो. दिलेला शब्द पाळला जाणे ही लोकसहभागाची पहिली अट आहे. म्हणून ज्यांनी जुन्या नियमांनुसार संच बसवले, त्यांचा हिशेब त्याच नियमांनी पूर्ण होऊ द्यावा. बदल करायचा असेल तर तो नव्या जोडण्यांसाठी, आधी जाहीर करून आणि टप्प्याटप्प्याने व्हावा.

महावितरणची बाजूही सर्वस्वी खोटी नाही. महाराष्ट्रातील वीजदराची रचना अशी आहे की अधिक वीज वापरणारे घरगुती ग्राहक, दुकाने आणि कारखाने आपल्या वाट्याच्या खर्चापेक्षा जास्त दर देतात आणि त्यातून शेती व गरीब घरांची वीज स्वस्त राहते. हिलाच क्रॉस सबसिडी म्हणतात. गच्चीवर पॅनेल बसवणारा ग्राहक बहुधा याच अधिक वापराच्या वर्गातला असतो. तो निघून गेला की खांब, तारा, रोहित्रे, उपकेंद्रे आणि कर्मचारी यांचा खर्च उरलेल्यांवर पडतो. उरलेले म्हणजे कोण? स्वतःची गच्ची नसलेला भाडेकरू, सातपूर-अंबडच्या कामगारवस्तीतील दोन खोल्यांचे घर, सदनिकेत राहणारे निवृत्त दांपत्य, झोपडपट्टीतील कुटुंब. ज्याच्याकडे स्वतःचे छप्पर आहे त्याची वीज जवळपास फुकट आणि ज्याच्याकडे ते नाही त्याची वीज महाग, ही रचना कोणत्याही समाजहितैषी माणसाला पटणारी नाही. राज्याने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला शंभर युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी छतावरील सौर संचांना अधिक अनुदान देणारी योजना आणली, ती या विषमतेची जाणीव ठेवूनच. मात्र ज्याला छप्परच नाही, त्याचा प्रश्न अशा योजनेने सुटत नाही.

दोघांचेही खरे असेल, तर मार्ग कोणता?

काम सूर्याकडे न्यावे

दुपारची वीज साठवून रात्री वापरणे महाग पडते. दुपारच्या विजेवर दुपारीच काम करणे स्वस्त पडते. ग्रीडला जोडलेल्या सौरऊर्जेचा विचार या साध्या सूत्रावरून सुरू झाला पाहिजे. जे काम दिवसा उरकता येते ते आधी सूर्याच्या विजेवर घ्यावे. त्यानंतर उरेल ती वीज साठवावी. असे म्हटले की सर्वांत पुढे उभा राहतो तो शेतीपंप. दिव्याला रात्रच लागते, पंपाला ती लागत नाही. शेतकऱ्याला रात्री पाणी भरायला लावले गेले, कारण रात्री उद्योग व शहरांची मागणी घटते आणि औष्णिक केंद्रांची वीज शिल्लक राहते. शेतकऱ्याची झोप मोडून ग्रीडचा तोल साधला गेला. आता शिल्लक वीज दुपारी आहे, तेव्हा शेतकऱ्याची पाळीही दुपारी यायला हवी.

महाराष्ट्रात कृषिपंपांचे ग्राहक सुमारे ४४ लाख आहेत आणि महावितरणच्या विक्रीपैकी साधारण ३० टक्के वीज शेतीला लागते. एवढी मोठी मागणी दिवसाकडे वळवता येणे, हा या राज्याचा फार मोठा लाभ आहे. जून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना घोषित झाली; अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी हे तिच्या पहिल्या गावांपैकी एक. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि पुढे १६ हजार मेगावॉटचे उद्दिष्ट ठरले. केंद्राच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेची तिला जोड आहे. कृषी उपकेंद्राच्या जवळच्या जागेवर छोटे सौर प्रकल्प उभे राहतात आणि त्यांची वीज त्याच उपकेंद्रातून शेतीच्या वाहिनीत जाते. वीज दूर वाहून नेण्यातील गळती वाचते. प्रकल्पांचा दर तीन रुपयांच्या आसपास येत असल्याने उद्योगांवरील क्रॉस सबसिडीचा भारही हलका होऊ शकतो. खाजगी जमीन दिल्यास हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. कोरडवाहू, खडकाळ जमिनीच्या मालकाला एवढे उत्पन्न ज्वारी-बाजरीतून क्वचितच मिळते.

निसर्गानेही इथे साथ दिली आहे. सौरविजेवरचा नेहमीचा आक्षेप हा की पावसाळ्यात ढगांमुळे ती घटते. पण पावसाळ्यात शेतीपंपांची गरजही घटते. पंप सर्वाधिक चालतात ते रब्बीत आणि उन्हाळ्यात, जेव्हा नाशिकचे आकाश निरभ्र असते. एवढा मेळ घरगुती मागणीशी कधीच बसत नाही.

शेतीनंतर इतर कामेही दिवसाकडे सरकवता येतील. पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरी परिसरात द्राक्षांच्या हंगामात शीतगृहे आणि प्रीकूलिंगची यंत्रे अहोरात्र चालतात. खोली दुपारी अधिक थंड करून ठेवली, तर सायंकाळचे काही तास यंत्र मंद ठेवता येते. त्या ठिकाणी गारवा हीच साठवलेली वीज असते. गंगापूर व मुकणे धरणांतून नाशिक शहरासाठी उचलले जाणारे पाणी आणि ग्रामपंचायतींच्या पाणीयोजना दुपारी चालवून टाक्या भरून घेता येतील. मालेगाव-येवल्याच्या मागांवरील पाळ्यांचाही असा विचार करता येईल, अर्थात विणकरांच्या संमतीने आणि दिवसाच्या विजेला सवलतीचा दर देऊन. दुपारचा दर खरोखर स्वस्त ठेवला, तर उपदेश न करताही लोक आपापली कामे दुपारकडे नेतील.

शंका खऱ्या, पण उत्तर असणाऱ्या

या विचाराला अडचणी नाहीत असे नाही. निफाडमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा घसरतो, तेव्हा द्राक्षबागा वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे बागेला पाणी देतात आणि शेकोट्या पेटवतात. या दिवसांत केवळ दिवसाची वीज देऊन 'रात्रीची बंद' म्हणणे म्हणजे बागायतदाराला संकटात टाकणे होय. थंडीच्या लाटेत पहाटेच्या काही तासांची वीज राखीव ठेवणे ग्रीडला जोडलेल्या वाहिनीवर शक्य असते. ग्रीडपासून तोडलेल्या एकट्या सौरपंपाला ते साधत नाही. जिथे तार पोहोचलेली नाही तिथे स्वतंत्र सौरपंप वरदानच आहे. जिथे तार दारात आहे, तिथे मात्र वाहिनीच सौर करणे श्रेयस्कर, कारण पंप बंद असताना तयार झालेली वीज वाया न जाता इतरांच्या उपयोगी पडते.

दुसरी शंका पाण्याची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. सिन्नर, चांदवड, येवला, देवळा हे अवर्षणप्रवण तालुके. राज्याने जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय घेतला. दिवसा मुबलक आणि तीही फुकट वीज मिळाली, तर विहिरींचा तळ लवकर लागेल, ही भीती अनाठायी नाही. यावर गुजरातने एक मार्ग दाखवला आहे. खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरवीज उत्पादकांची सहकारी मंडळी स्थापली. त्यांनी आपले सौरपंप ग्रीडला जोडले आणि शिल्लक वीज वितरण कंपनीला विकण्याचा पंचवीस वर्षांचा करार केला. पाणी अनावश्यक उपसले तर विकायला वीज कमी उरते, हे समजल्यावर वीज हेच एक पीक बनले आणि पाणी वाचवण्यात शेतकऱ्याचा स्वतःचा लाभ दिसू लागला. कायद्याच्या धाकाने जे साधत नाही, ते या हिशेबाने साधू शकते.

महाराष्ट्राला सहकाराचे धडे बाहेरून घेण्याची गरज नसावी. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर परिसरात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने २०११ पर्यंत चार दशके वीजवितरण केले. शेतकऱ्यांची संस्था वीज वितरित करू शकते, हे तिने सिद्ध केले. थकबाकी डोंगराएवढी झाली की सहकारही टिकत नाही, हेही तिच्याच इतिहासाने दाखवले. सौर सहकारी संस्था उभ्या राहाव्यात, पण त्यांची हिशेबाची वही स्वच्छ असली पाहिजे.

तिसरी शंका जमिनीची. सौर प्रकल्पाला मेगावॉटमागे चार-पाच एकर जागा लागते. सोयीची म्हणून शासकीय जमीन निवडली जाते आणि अनेक गावांत ती जमीन म्हणजे गायरान असते. गावातील भूमिहीनाची शेळी आणि अल्पभूधारकाची गाय याच जमिनीवर चरते. ऊर्जेसाठी गोधनाच्या तोंडचा चारा काढून घेणे हे ग्रामजीवनाच्या मुळावर येणारे आहे. प्रत्येक प्रकल्पाआधी ग्रामसभेत चराईची पर्यायी जागा ठरली पाहिजे आणि योजनेतून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या अनुदानाचा काही भाग चारा-पाण्यासाठी राखला पाहिजे.

सायंकाळचा बंदोबस्त

शेती, शीतगृहे आणि पाणीयोजना यांनी दुपारची बरीच वीज पचवली, तरी सायंकाळचा प्रश्न उरतो. त्यासाठी साठवण हवी आणि तिची नैसर्गिक सोय सह्याद्रीने करून ठेवली आहे. अकोले तालुक्यातील घाटघर येथे डोंगरमाथ्यावर एक जलाशय आणि पायथ्याशी शहापूर तालुक्याच्या बाजूला दुसरा, अशी २५० मेगावॉटची उदंचन जलविद्युत योजना २००८ पासून आहे. शिल्लक विजेवर पाणी वर चढवायचे आणि मागणीच्या वेळी खाली सोडून वीज करायची, अशी तिची रचना. तिची आखणी झाली तेव्हा शिल्लक वीज रात्रीची होती. आता पाणी दुपारच्या उन्हावर वर चढवता येते. इगतपुरी परिसरात भावली येथे १५०० मेगावॉटच्या अशाच योजनेचे नियोजन झाले आहे. या कामांत वनक्षेत्र आणि आदिवासी पाड्यांचा प्रश्न येतो. तो प्रामाणिकपणे सोडवूनच पुढे जावे लागेल. पण साठवणीचा खर्च सार्वजनिक स्वरूपाचा आहे आणि तो दीर्घ मुदतीच्या नियोजनातून उभा करणे हे राज्याचे काम आहे. त्याचा भार अचानक नियम बदलून गच्चीवरच्या ग्राहकावर टाकणे रास्त नव्हे.

नियोजन चुकले की काय होते, याचे उदाहरण सिन्नरजवळच आहे. तिथे १३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प बांधून झाला. परंतु कोळशाचा रेल्वेमार्ग आणि वीजखरेदीचा करार यांच्या अभावी तो वर्षानुवर्षे मुका उभा राहिला. केवळ निर्मितीची क्षमता उभारली म्हणजे वीज मिळत नाही. पारेषणाच्या तारा आणि वीज वापरणारा ग्राहक त्याच वेळी तयार असावा लागतो. सौरऊर्जेलाही हेच लागू आहे. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली खरी, पण राजस्थानसारख्या राज्यात पारेषण अपुरे पडल्याने तयार होऊ शकणारी वीज रोखून धरावी लागल्याचे प्रसंग आले. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे प्रगत देश काही तास अंधारात गेले. व्होल्टेज आवरता न आल्याने तिथले जाळे कोसळले. सूर्याला दोष देऊन या घटनेतून काही हाती लागणार नाही. जाळे सांभाळण्याची सामग्री आणि शिस्त निर्मितीच्या वेगाने वाढली पाहिजे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

परावलंबन कोणते पत्करावे?

सौरऊर्जेला स्वावलंबनाचे साधन म्हटले जाते, पण पॅनेलमधील पॉलिसिलिकॉन आणि वेफर यांचे उत्पादन जगात प्रामुख्याने चीनच्या हाती आहे, ही दुखरी नस आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा देशी बनावटीच्या सामग्रीची अट घातली गेली होती. अमेरिकेने २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २०१६ मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला. खुल्या व्यापाराची भाषा करणारे देश इतरांचा उद्योग उभा राहू लागला की कसे वागतात, याचा तो नमुना होता. पुढे भारताने आयात पॅनेलवर एप्रिल २०२२ पासून ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावले, उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन दिले आणि सूर्यघरसारख्या अनुदानित योजनांत भारतीय बनावटीची अट ठेवली. पॅनेल जोडण्याचा उद्योग त्यातून देशात मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. वेफर आणि पॉलिसिलिकॉनपर्यंतची मजल मात्र अजून गाठायची आहे.

इथे महाराष्ट्राला दाभोळचा अनुभव आठवावा. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाने इंधनही बाहेरचे आणि हिशेबही डॉलरमध्ये, असा फास राज्याच्या गळ्यात अडकवला. २००१ मध्ये वीजमंडळाला ती वीज घेणे थांबवावे लागले. सौरपॅनेलची आयात हेही परावलंबन आहे, पण जात वेगळी आहे. इंधन रोज विकत घ्यावे लागते, पॅनेल एकदाच. उद्या पुरवठादाराने हात आखडता घेतला, तरी बसलेले पॅनेल चालूच राहते. तेवढ्या अवधीत देशी उद्योग उभारण्याची संधी मिळते. नाशिकच्या सातपूर आणि अंबड वसाहतींत स्विचगिअर आणि विद्युत उपकरणे बनवण्याची दशकांची परंपरा आहे. इन्व्हर्टर, संरक्षक उपकरणे आणि स्मार्ट मीटर यांसाठी लागणारे कुशल हात इथे तयार आहेत. या शहराने केवळ पॅनेलचा ग्राहक म्हणून राहणे शोभणारे नाही.

समाजाचे काम

शासन, आयोग आणि महावितरण यांनी काय करावे हे सांगणे सोपे असते. समाजानेही आपला वाटा उचलला पाहिजे. गृहनिर्माण संस्थांनी सामाईक गच्चीवर एकत्रित संच बसवून त्याचे युनिट सर्व सदनिकांत वाटून घेण्याची सोय मागावी, म्हणजे भाडेकरू आणि लहान घरेही लाभात येतील. ज्या घरी पॅनेल आहे, त्या घराने कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याची मोटर आणि इस्त्री दुपारी चालवावी; ग्रीडवरचा सायंकाळचा भार हलका करणे हाही शेजारधर्म आहे. खेड्यांतील कार्यकर्त्यांनी आपल्या उपकेंद्रावर सौर वाहिनीचे काम कुठवर आले याची चौकशी करावी, जमीन देऊ इच्छिणाऱ्यांना करारातील कलमे समजावून सांगावीत आणि गायरानाचा विषय ग्रामसभेत मांडावा. आयोगाच्या जनसुनावणीत आजवर प्रामुख्याने उद्योगांचे आणि ग्राहक संघटनांचे प्रतिनिधी बोलतात. तिथे भाडेकरूचे आणि रात्री पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणेही लेखी स्वरूपात पोहोचले पाहिजे.

गच्चीवरच्या ग्राहकाला दिलेला शब्द पाळावा, पुढचे नियम आधी सांगून बदलावेत, साठवणीचा भार राज्याने उचलावा आणि दुपारच्या विजेवर पहिला हक्क शेतीचा मानावा, असा क्रम लावला तर वादातील तिन्ही पक्षांना न्याय मिळू शकेल. नाशिक जिल्ह्यातील शेवटची कृषिवाहिनी ज्या दिवशी दिवसाच्या विजेवर येईल, त्या दिवसापासून शेतकरी उजेडात पाणी भरेल आणि रात्री आपल्या घरी झोपेल. ग्रीडला जोडलेल्या सौरऊर्जेचे यश किती मेगावॉट उभे राहिले यावरून मोजले जाते, त्याबरोबर ते यावरूनही मोजले जावे.